टायरची कड आणि बोल्टांचे कडे

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी लोहाराला पाहिले आहे, त्यांस चाकाचे पहिले शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईतो तापवायची, फुगलेली असतानाच चाकावर बसवायची आणि वरून पाणी सोडायचे. निवताना ती आवळते आणि तुंबा, आरे व पाटे या सर्वांस एकत्र धरून ठेवते. उन्हाळ्यात लाकूड वाळले म्हणजे तीच धाव सैल पडते. मग गाडीवान चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत ठेवतो. चाक आणि धाव यांचे नाते घट्टपणाचे आहे. तो घट्टपणा कशाच्या जोरावर राहतो, एवढाच काय तो प्रश्न असतो.

रबरी टायरच्या बाबतीत हा जोर हवेचा असतो. हवा कमी केली की जोर कमी होतो, आणि जेथे हवा मुद्दाम कमी करावी लागते तेथे दुसरा काही तरी बंदोबस्त करणे प्राप्त होते. त्या बंदोबस्ताचे नाव बीडलॉक. या विषयावर स्मरणिकेत लिहावे असे आम्हांस वाटले, त्यास कारण घडले. महिंद्राची नवी थार २०२० साली आणि मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी २०२३ साली बाजारात आल्यापासून आमच्या बेळगाव भागातील टायरच्या व सुट्या भागांच्या दुकानांत ही चाके मागणारा तरुण गिऱ्हाईक वाढला आहे. तो मोबाईलवर अमेरिकेतील चित्रफिती पाहून येतो; चाकाच्या कडेने बसवलेली चोवीस-बत्तीस बोल्टांची माळ त्याच्या डोळ्यांत भरलेली असते; आणि ‘शेठजी, मला हीच पाहिजेत’ असे तो ठामपणे सांगतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांस त्या चाकांची किंमत सांगता येते, पण ती काय काम करतात हे सांगता येत नाही. ही स्थिती बरी नव्हे.

प्रथम टायर रिमवर कसा बसतो ते पाहू. टायरच्या ज्या कडेने तो रिमला भिडतो तिला बीड म्हणतात. तिच्या पोटात पोलादी तारांचे कडे गुंफलेले असते. म्हणून ती ताणली जात नाही. रिमच्या दोन्ही अंगांस उभा काठ असतो, काठाच्या आत किंचित उताराची बैठक असते, आणि ट्यूबविरहित टायरांच्या रिमांत त्या बैठकीच्या आतल्या बाजूस बोटाला जाणवेल असा एक बारीक उंचवटा असतो. आत भरलेली हवा टायरच्या दोन्ही भिंतींना बाहेर रेटते, त्यामुळे दोन्ही बीड आपापल्या काठाशी दाबून बसतात. तीस पौंड हवा असेतो त्यांस तेथून हलवणे गाडीच्या साध्या वळणाच्या आवाक्यातील काम नव्हे.

मग हवा कमी करायचीच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. बाराशे किलोची एक लहान जीप घ्या. जिम्नीचे वजन साधारण एवढेच भरते. चारही चाकांवर भार सारखा धरला तर एका चाकावर तीनशे किलो, म्हणजे सुमारे ६६० पौंड भार येतो. व्यापारात आपण ज्याला नुसते ‘पौंड’ म्हणतो तो खरे पाहता दर चौरस इंचावरील दाब होय. टायरात असा ३० पौंड दाब असेल तर हा भार तोलण्यास जमिनीवर २२ चौरस इंचांचा ठसा पुरतो. म्हणजे बोटे जुळवून टेकलेल्या हाताच्या पंजाएवढी जागा. हवा १० पौंडांवर आणली तर हिशेबाने हाच ठसा ६६ चौरस इंचांचा व्हावा. प्रत्यक्षात तो इतका वाढत नाही, कारण टायरची भिंत स्वतःच्या ताठरपणाने काही भार उचलते. तथापि तो पुष्कळ वाढतो, आणि वाढतो तो मुख्यतः लांबीत. वाळूत असे चाक रुतत नाही, तरंगते. खडकावर टायर उड्या न मारता दगडाला पाल चिकटावी तसा चिकटतो. दगडाचे टोक भिंतीत घुसण्याऐवजी टायर त्याच्याभोवती दुमडतो.

परंतु याच ढिलेपणात धोका आहे. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर जातो, आणि जमीन त्या टायरांना डावीकडे, म्हणजे गाडीच्या पोटाकडे ढकलते. त्यामुळे उजव्या चाकाची बाहेरची बीड बाहेरच्या काठापासून आत ओढली जाते. हवा कमी असली तर ती उंचवटा ओलांडून रिमच्या खोलगट भागात उतरते. सारी हवा एका फुत्कारासरशी निघून जाते आणि गाडी नुसत्या रिमवर येते. आडव्या उतारावर हे घडले तर गाडी कलंडण्यास आणखी काही लागत नाही. याखेरीज दुसरी एक गोष्ट घडते. खडकावर चढताना चाकावर जोराचा पीळ येतो, आणि कमी हवेत रिम फिरते पण टायर जागच्या जागी राहतो. टायरात ट्यूब असेल तर तिचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. जुन्या जीपवाल्यांस याचा अनुभव असतो.

बीडलॉक म्हणजे बीड काठाशी धरून ठेवण्याचे काम हवेकडून काढून घेऊन बोल्टांकडे देणे. रूढ प्रकारात रिमच्या बाहेरच्या अंगास काठाऐवजी सपाट खांदा असतो. टायरची बाहेरची बीड त्या खांद्यावर टेकवायची, वरून धातूचे कडे ठेवायचे आणि भोवताली बोल्ट आवळून बीडला दोहोंच्या मध्ये चिमटीत धरायचे. आतली बीड बहुधा मोकळीच असते. वर सांगितल्याप्रमाणे भाराच्या चाकावर ओढ बसते ती बाहेरच्या बीडवर, सबब एकच बाजू बांधलेली पुरते.

ही कल्पना हौशी लोकांनी काढलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या जीपना बोल्टांनी जोडलेली दोन भागांची चाके बसवली जात. त्यांस ‘कॉम्बॅट’ चाके म्हणत. त्यांत आत पोलादी कडे असे आणि ते दोन्ही बीड आपापल्या काठाशी दाबून धरी. गोळी लागून टायर फुटला तरी तो रिमवरून निघू नये आणि गाडी मारगिरीतून बाहेर यावी, हा हेतू. युद्धानंतर जीपा नागरिकांच्या हाती आल्या. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन नावाची जी खडकाळ वाट आहे, तिच्यावरून १९५३ साली ‘जीपर्स जॅम्बोरी’ ही जीपवाल्यांची यात्रा सुरू झाली. यूटा राज्यातील मोआब येथे १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास जीपांचा मेळा भरतो. २००७ साली कॅलिफोर्नियाच्या जॉन्सन व्हॅलीत ‘किंग ऑफ द हॅमर्स’ ही शर्यत सुरू झाली. तीत एकाच दिवसात मोकळे वाळवंट भरधाव ओलांडायचे असते आणि घराएवढ्या धोंड्यांवरून चढायचेही असते. आज आपण पाहतो त्या बीडलॉकची वाढ या मुलुखात झाली. तेथील खडक चढणारे सात-आठ पौंडांवर, हलकी गाडी असेल तर त्याहूनही कमी हवेवर गाडी चालवतात. त्या दाबावर साधी रिम भरवशाची राहत नाही.

आइसलंडमधील रीत आणखी निराळी. तेथील हिमनद्यांवर भुसभुशीत बर्फातून जाण्यासाठी प्रचंड रुंद टायर दोन-तीन पौंडांवर आणतात, आणि बरेच लोक टायर रिमला चक्क चिकटवून टाकतात. बोल्टांचा खर्च नाही आणि वजनही नाही. मात्र टायर उतरवताना घाम निघतो.

आपल्या बाजूला या चाकांचे खरे काम पडते ते पावसाळ्यात गोव्यात. मलेशियात १९९७ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात होऊ लागली. लाल चिखल, ओढ्यांचे निसरडे काठ आणि तिरकस उतार यांतून गाड्या काढताना आडवा जोर इतका येतो की बीड उतरणे हे तेथील नित्याचे संकट आहे. अशा स्पर्धेत उतरणाऱ्याने बीडलॉक मागितले तर त्याची मागणी योग्य आहे. परंतु चोर्ला घाटातून पणजीला जाणारा, रविवारी आंबोलीचे धुके पाहणारा आणि वर्षातून एकदा एखाद्या ओढ्यात गाडी घालून छायाचित्र काढणारा गिऱ्हाईक हीच चाके मागतो तेव्हा मात्र दुकानदाराने थांबले पाहिजे.

आम्ही अशा गिऱ्हाइकास पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुम्ही हवा किती पौंडांपर्यंत उतरवता? दहापैकी आठ जण म्हणतात, कधीच नाही. मग विषय संपला. हवा न उतरवणाऱ्यास बीडलॉकचा कवडीचा उपयोग नाही. पंधरा-सोळा पौंडांपर्यंत उतरवणारा असेल तरी, रिमच्या रुंदीला योग्य असा चांगला टायर असल्यास आणि वेग आवरता असल्यास, साधी रिम पुरते. जैसलमेरच्या वाळूत जाणारे बहुतेक लोक याच मर्यादेत राहतात. बारा पौंडांच्या आसपास संशयाची जागा सुरू होते. दहाच्या खाली वारंवार जाणार असाल, तेही दगडांत किंवा आडव्या उतारांवर, तर बीडलॉक घ्यावे. हे आकडे शास्त्राचे नियम नव्हेत. गाडीचे वजन, भिंतीचा ताठरपणा आणि चालवणाऱ्याचा पाय यांप्रमाणे ते हलतात. तरी गिऱ्हाइकाशी बोलणे सुरू करण्यास ते चांगले आहेत.

बाजारात या नावाखाली जे विकले जाते त्याचे भेद आता पाहिले पाहिजेत, कारण फसगत येथेच होते. पहिले म्हणजे नुसते दिसण्यापुरते चाक. साध्या ओतीव रिमच्या कडेला खोट्या बोल्टांची माळ बसवलेली असते; ते बोल्ट काहीही धरीत नाहीत. शोभेची वस्तू शोभेची म्हणून विकण्यात काही गैर नाही. ती बीडलॉक म्हणून विकणे मात्र लबाडी होय, कारण घेणारा तिच्या भरवशावर हवा आठ पौंडांवर आणील आणि उतारावर आडवा होईल. आमच्या ओळखीच्या एका तरुणास दुसऱ्या गावच्या दुकानातून अशी चार चाके ‘पक्की बीडलॉक’ म्हणून मिळाली होती. आम्ही त्याच्या देखत एक बोल्ट पिळला, तो हातात आला आणि त्यामागे आटेसुद्धा नव्हते. पारख सोपी आहे. खऱ्या चाकात कडे वेगळे निघते आणि कड्याच्या व रिमच्या फटीत टायरची कड चिमटलेली दिसते.

दुसरा प्रकार मधला आहे, आणि त्याचे नाव गोंधळ करणारे आहे. फोर्डच्या रॅप्टर व ब्राँको आणि जीपच्या रँग्लर या गाड्यांच्या काही आवृत्त्यांस कारखान्यातून ‘बीडलॉक कॅपेबल’ चाके मिळतात. गाडी दुकानातून निघते तेव्हा टायर त्यांवर साध्या रीतीनेच बसलेला असतो आणि वरचे कडे केवळ शोभेचे असते. मालकाने पुढे खरे कडे व बोल्ट विकत घेऊन टायर नव्याने बसवला म्हणजे ते चाक बीडलॉक होते. ही रचना आम्हांस शहाणपणाची वाटते. रस्त्यावरची जबाबदारी कारखान्याने सांभाळली आणि रानातली मालकाने पत्करली.

तिसरा प्रकार बाहेरच्या कड्याचा. तो वर सांगितलाच. यांत साध्या लोखंडी रिमवर कडे वेल्ड करून देणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ निघाले आहेत. त्यांच्या हातास दोष देण्याचे कारण नाही. पण वेल्डिंगच्या उष्णतेने रिम वाकते आणि तिचा गोलपणा जातो. सांधा हवा धरीलच असेही नसते, आणि हे सारे तपासण्याचे साधन गल्लीतल्या कारखान्यात नसते. स्पर्धेपुरते ठीक. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीस आम्ही असे चाक देत नाही.

चौथा प्रकार लष्करी वंशाचा. रिमचे दोन भाग बोल्टांनी जोडलेले असतात आणि मध्ये रबराचा जाड पट्टा बसवलेला असतो. तो दोन्ही बीड दोन्ही काठांशी दाबून धरतो. मजबुतीत याला तोड नाही, पण वजन फार आणि जोडणी किचकट. पाचवा प्रकार टायरच्या आत बसणाऱ्या फुगीर नळीचा. सायकलच्या ट्यूबसारखी पण जाड आवरणाची नळी रिमवर बसते, तिला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो, आणि तीत पन्नास पौंडांच्या आसपास हवा भरली की ती दोन्ही बीड बाहेर दाबून धरते. टायरातली हवा निराळी, नळीतली निराळी. तिच्यासाठी रिमला दुसऱ्या व्हॉल्व्हचे भोक पाडावे लागते, आणि ती बसवणारा हात तयार असावा लागतो.

आता खरेदीची मापे. रिमला तुंब्यावर धरणाऱ्या नटांच्या वर्तुळाचे माप, ज्याला आपण पीसीडी म्हणतो, ते जुळले पाहिजे हे कोणासही सांगावयास नको. जुन्या सीजे जीपा, जिप्सी आणि जिम्नी यांचे माप पाच नट व १३९.७ मिलिमीटर असे आहे. रांजणगावात २०२१ पासून जोडल्या जाऊ लागलेल्या रँग्लरचे पाच नट व १२७, आणि फॉर्च्युनरचे सहा नट व १३९.७. जिम्नीची रिम फॉर्च्युनरला जात नाही हे नटांच्या संख्येवरूनच कळते. पण मधल्या भोकाचे माप, ब्रेकच्या सांगाड्याला लागणारी मोकळी जागा आणि रिमवर कोरलेली भारक्षमता या तीन गोष्टी घाईत राहून जातात. भारक्षमतेचा आकडा ज्या चाकावर सापडत नाही ते चाक आम्ही दुकानात ठेवीत नाही. रिमचा व्यास मोठा घेण्याची हौस येथे उलटी पडते. टायरचा बाहेरचा व्यास ठरलेला असता रिम जितकी लहान तितकी रबराची भिंत उंच, आणि दुमडण्यास भिंतच हवी. म्हणून खडकांतले लोक अजून पंधरा व सतरा इंची रिमांना चिकटून आहेत.

ऑफसेटविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. रिमच्या मध्यरेषेपासून तिची तुंब्यावर टेकणारी पाटी किती आत वा बाहेर आहे, ते हे माप. कड्यामुळे बीडलॉकचा बाहेरचा काठ आधीच पुढे येतो. त्यात गाडी रुंद दिसावी म्हणून उथळ चाक घेतले तर सारा भार बेअरिंगपासून दूर जातो, सुकाणू खड्ड्याखड्ड्याला हात ओढते आणि टायर मडगार्डाबाहेर चिखल उडवतो. मालक म्हणतो, गाडी छान दिसते. बेअरिंग वर्षभराने आपले मत सांगतात.

कड्याकडे पाहताना चार गोष्टी पाहाव्या. कडे सुटे मिळते का? कारण दगडावर घासून ते झिजणारच. बोल्टांची डोकी खोबणीत बुडालेली आहेत की बाहेर उघडी? उघडी असतील तर पहिल्याच दगडाला ती झिजतात आणि मग पान्हा बसत नाही. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये थेट आटे पाडून बसवले आहेत, की पोलादी आटे घातले आहेत? दर खेपेस उघडझाप होणाऱ्या ठिकाणी ॲल्युमिनियमचे आटे फार दिवस टिकत नाहीत. आणि शेवटी, घेतलेल्या टायरची कड या कड्याला जुळते का? ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. निरनिराळ्या कारखान्यांच्या टायरांत बीडची जाडी सारखी नसते. ती पातळ असली तर बोल्ट आवळताना कडे बशीसारखे वाकते. जाड असली तर कडे रिमला टेकत नाही आणि सारा भार बोल्टांवर तिरका येतो. काही कारखानदार यासाठी चकत्या देतात. चाक व टायर दोन दुकानांतून आणणाऱ्यास हे आधी सांगितले पाहिजे.

येथे आमची स्वतःची एक चूक लिहून ठेवतो. काही वर्षांपूर्वी गोव्यात चिखलाच्या शर्यतीस जाणाऱ्या एका तरुणास आम्ही बाहेरच्या कड्याची चार चाके विकली. माल चांगला होता, मापे बरोबर होती. दुकानात गर्दी होती. आमच्या मुलाने हवेच्या बंदुकीने सारे बोल्ट सपासप आवळले आणि गाडी बाहेर काढली. बोल्ट पुन्हा तपासायचे असतात हे त्या तरुणास कोणीच सांगितले नाही, कारण तोवर आम्हांसही ते नीट ठाऊक नव्हते. शर्यत पार पडली. परत येताना घाटात चहासाठी थांबला असता त्याला मागच्या डाव्या चाकातून टकटक ऐकू आली, म्हणून त्याने वाकून पाहिले. चोवीसांपैकी तीन बोल्टांची डोकी तुटून गेली होती आणि सात बोल्ट बोटाने फिरत होते. मागच्या आसनावर त्याचा धाकटा भाऊ झोपलेला होता. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तो भांडण्यास नव्हे. रुमालात बांधलेले बोल्टांचे तुकडे त्याने मुकाट्याने गल्ल्यावर ठेवले. आम्हांस काय बोलावे ते सुचेना.

तेव्हा आम्ही कारखानदाराचे सूचनापत्र प्रथमच शेवटपर्यंत वाचले. त्यात जे होते ते असे. या बोल्टांस लागणारा पीळ फार मोठा नसतो. बहुतेक चाकांत तो पंधरा ते वीस फूट-पौंड, म्हणजे वीस ते सत्तावीस न्यूटन-मीटर एवढाच असतो. चाकाच्या नटांना याच्या कितीतरी पट पीळ लागतो, आणि हात त्याच सवयीचा असतो. हवेच्या बंदुकीने बोल्ट ताणला जातो. त्या क्षणी तो तुटत नाही, पुढे रस्त्यावर तुटतो. म्हणून बोल्ट आधी सर्व बाजूंनी बोटाने लावायचे, मग समोरासमोरचे बोल्ट घेत तीन-चार फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे आणि शेवटची फेरी मापाच्या टॉर्क पान्ह्याने करायची. टायर खांद्यावर मध्यभागी बसला आहे की नाही हे आवळण्यापूर्वी चहूबाजूंनी पाहायचे; एकदा तिरका चिमटला गेला तर नंतर कितीही बॅलन्सिंग केले तरी चाक थरथरतच राहते. आट्यांस ग्रीस लावले तर तोच पीळ बोल्टास जास्त ताणतो, म्हणून कारखानदाराने सांगितले असेल तरच लावायचे. नवा टायर चिमटीत दबत जातो आणि बोल्ट आपोआप सैल होतात. यास्तव पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासायचे, आणि पुढे प्रत्येक मोहिमेच्या आधी व नंतर. चार चाकांचे शहाण्णव बोल्ट होतात. हे काम ज्याच्याने होणार नाही त्याने ही चाके घेऊ नयेत.

टायर उतरवतानाची खबरदारी याहून महत्त्वाची आहे. ट्रकच्या जुन्या ट्यूबवाल्या चाकांची रिंग उडून पंक्चरवाला दगावल्याच्या हकीकती आपल्या व्यापारात सर्वांनी ऐकल्या आहेत. बीडलॉकची रचना निराळी असली तरी आतली हवा तीच असते. व्हॉल्व्हमधील सुई काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावाचून कड्याच्या एकाही बोल्टास पान्हा लावू नये. दोन भागांच्या चाकात तर हा नियम प्राणांचा आहे. हवा असताना जोडबोल्ट सोडले तर अर्धी रिम तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. उतरलेला टायर परत बसवण्यासाठी ज्वालाग्राही फवारा मारून काडी लावण्याचा खेळ काही लोक करतात. आमच्या दुकानाच्या आवारात त्यास मनाई आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. अमेरिकेत अशी बरीच चाके ‘केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी’ असा शेरा मारूनच विकली जातात. ‘डॉट मान्यताप्राप्त’ असे कोणी सांगितले तर लक्षात ठेवावे की तेथील वाहतूक खाते चाकांना मंजुरी देत नाही. तो शिक्का कारखानदार स्वतःच्या जबाबदारीवर मारतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. अपघात झाल्यावर विमा कंपनी चाकांकडे बोट दाखवील हाही भाग आहेच. म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्यांस आम्ही सांगतो की चाकांचे दोन जोड ठेवा. रस्त्याने कारखान्याच्या मूळ चाकांवर जा, बीडलॉक दुसऱ्या गाडीत घालून न्या आणि मैदानावर चढवा. त्रास आहे खरा, परंतु कड्याच्या वजनाने होणारी महामार्गावरची थरथर आणि डिझेलचा वाढता खर्च हे दोन्ही त्यात वाचतात.

राहिला पाचव्या चाकाचा प्रश्न. गिऱ्हाईक पैसे वाचवण्यासाठी चारच बीडलॉक घेतो आणि स्टेपनी जुनीच ठेवतो. टायरचा व्यास बदलला असेल तर ही स्टेपनी फोर-व्हील लावलेल्या गाडीत घालणे म्हणजे गिअरपेटीवर जुलूम करणे होय. एकाच आसावरची दोन चाके निरनिराळ्या वेगाने फिरू पाहतात. तेव्हा पाच घ्या, नाही तर निदान त्याच व्यासाचा टायर साध्या रिमवर चढवून ठेवा.

आता आमच्या दुकानात या चाकांच्या पावतीवर बोल्टांची संख्या, त्यांचा पीळ आणि फेरतपासणीची तारीख लिहिली जाते. दर चाकामागे सहा सुटे बोल्ट मालाबरोबर जातात, आणि प्रत्येक जोडामागे एक सुटे कडे आम्ही फळीवर ठेवतो. टॉर्क पान्हा गिऱ्हाइकापाशी असला पाहिजे. नसेल तर त्याने तो चाकांबरोबर घ्यावा, अशी आमची अट आहे. या अटीवरून आजवर दोघे जण परत गेले आहेत.